मस्टँगचा एक्झॉस्ट घरी बदलताना

मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची दमदार अमेरिकी गाडी, घेतल्यानंतर तिच्या मालकाचा पहिला खर्च बहुधा इंजिनावर होत नाही, एक्झॉस्टवर, म्हणजे इंजिनातला जळलेला वायू मागे नेऊन सोडणाऱ्या पाइपांवर होतो. कारखान्यातून निघणाऱ्या गाडीला आवाजाच्या कायदेशीर मर्यादा पाळाव्या लागतात, नाना प्रकारच्या गिऱ्हाइकांना रुचावे लागते आणि केबिनही शांत ठेवावी लागते. या सगळ्याचा मेळ घालताना मोठ्या व्ही-8 (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरच्या) इंजिनाचा मूळ स्वर बराचसा दबून जातो. माझी गाडी 2012 ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. पाच लिटरचे, 412 अश्वशक्तीचे इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल अशी तिची रचना आहे. तिच्या एक्झॉस्टचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या मागचा) भाग, म्हणजे अ‍ॅक्सलवरून वळून जाणारे दोन पाइप आणि त्यांच्या टोकाचे आवाज दाबणारे दोन मफलर, मी घरच्या गॅरेजात बदलले. हे काम घरी करू पाहणाऱ्याला ज्या गोष्टी सुट्या भागांच्या खोक्यातील सूचनापत्रात सापडत नाहीत, त्या येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी आवाजाविषयी, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच असतो. अमेरिकी व्ही-8 ची ती गडगडाटी, किंचित अडखळणारी लय क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनांच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या रचनेतून येते. या इंजिनाचा क्रँक क्रॉस-प्लेन पद्धतीचा आहे, म्हणजे पिस्टनांचे दांडे ज्यांना जोडलेले असतात ते त्याचे चार क्रँक-पिन एकमेकांशी 90 अंशांचा कोन करून बसवलेले आहेत, आणि सिलिंडर पेटण्याचा क्रम 1-5-4-8-6-3-7-2 असा आहे. फोर्डच्या पद्धतीनुसार 1 ते 4 क्रमांकाचे सिलिंडर उजव्या बाजूला आणि 5 ते 8 डाव्या बाजूला असतात. क्रँक दर 90 अंश फिरला की एक सिलिंडर पेटतो, त्यामुळे पूर्ण इंजिनाचा विचार केला तर लय अगदी समान आहे. पण एकट्या उजव्या बाजूच्या पाइपात कान लावला, तर धडाक्यांमधील अंतरे 180, 270, 180 आणि 90 अंश अशी विषम पडतात. डाव्या बाजूचेही तसेच आहे, फक्त क्रम पुढेमागे. दोन्ही बाजूंचे पाइप मागपर्यंत वेगळे ठेवल्यामुळे ही विषमता पुसली जात नाही आणि तिचाच आपल्याला तो ओळखीचा गडगडाट ऐकू येतो. फ्लॅट-प्लेन क्रँकच्या (सगळे पिन एकाच प्रतलात असलेल्या) व्ही-8 मध्ये दोन बाजू आळीपाळीने पेटतात, प्रत्येक पाइपातील अंतर सारखे राहते, आणि म्हणूनच त्या इंजिनांचा आवाज वरच्या पट्टीतला, किंकाळीच्या जवळचा असतो.

दोन बाजूंच्या पाइपांना मध्ये जोडणारा भाग या लयीवर परिणाम करतो. एच आकाराच्या जोडात एक आडवी नळी दोन्ही बाजूंचा दाब थोडाफार समान करते, पण वायूचे प्रवाह आपापल्या वाटेने जातात. त्यामुळे खर्जातला भाग टिकतो. एक्स आकाराच्या जोडात दोन्ही प्रवाह प्रत्यक्ष एकत्र येऊन पुन्हा विभागतात, लय गुळगुळीत होते आणि आवाज वरच्या पट्टीकडे सरकतो. माझ्या गाडीत कारखान्याचा एच जोड आहे आणि त्याच तुकड्यात कन्व्हर्टरही आहेत. तो तुकडा मी हलवला नाही. खर्ज मला हवाच होता, हे एक कारण. दुसरे कारण कायद्याचे आहे.

अमेरिकेत 1975 च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर रूढ झाला, आणि क्लीन एअर अ‍ॅक्ट या केंद्रीय कायद्यानुसार रस्त्यावर चालणाऱ्या गाडीतून तो काढणे किंवा निकामी करणे बेकायदा आहे. 1964 च्या पाँटिअ‍ॅक जीटीओच्या काळात असे काही बंधन नव्हते, इंजिनापासून टोकापर्यंत काय वाटेल ते बदलता येत असे. जुन्या मंडळींच्या आठवणी ऐकून आजच्या गाडीवर हत्यार चालवणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. कन्व्हर्टरच्या मागचा भाग उत्सर्जनावर परिणाम करत नाही, त्यामुळे तेथे मोकळीक आहे, पण आवाजाचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात 6,000 पौंडांपर्यंतच्या गाड्यांना ठरावीक चाचणी पद्धतीने मोजलेली 95 डेसिबलची मर्यादा आहे. काही राज्यांत आकडा नसतो, मूळ मफलरपेक्षा आवाज वाढवणारा बदलच चालत नाही. वस्तू मागवण्यापूर्वी आपल्या राज्याचा नियम वाचण्यास फार वेळ लागत नाही.

ताकदीबद्दल स्पष्ट बोलतो. केवळ मागचे मफलर बदलून अश्वशक्तीत जाणवण्याजोगी वाढ होत नाही. प्रवाहाला होणारा खरा अडथळा पुढे, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला वायू गोळा करणारा इंजिनालगतचा भाग) आणि कन्व्हर्टरपाशी असतो. कारखान्याच्या मफलरमुळे होणारा अडथळा त्यामानाने किरकोळ असतो. खोक्यावर छापलेले वाढीचे आकडे पाहून पैसे खर्च करू नयेत. पाइपाचा व्यास वाढवण्याच्या मोहाबद्दलही हेच म्हणावेसे वाटते. अडीच इंचांवरून तीन इंचांवर गेलो की आतले क्षेत्रफळ सुमारे 44 टक्क्यांनी वाढते, पण सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र) नसलेल्या, मूळ अवस्थेतील इंजिनाला दोन पाइप मिळून एवढ्या क्षेत्रफळाची गरजच नसते. वाढतो तो बहुतांशी आवाज आणि त्यासोबत अ‍ॅक्सलवर जागेची अडचण.

मफलर निवडताना त्याची आतली रचना पाहावी. एका प्रकारात आत पत्र्याच्या भिंतींचे कप्पे असतात; ध्वनिलहरी त्यांवर आपटून एकमेकींना काही अंशी मारतात आणि आवाज खर्जाचा, काहीसा कर्कश राहतो. दुसऱ्या प्रकारात छिद्रे पाडलेला सरळ पाइप आणि त्याभोवती काचतंतू किंवा पोलादी लोकर भरलेली असते. ही भरणी वरच्या पट्टीतले स्वर चांगले शोषते, मात्र खालचे स्वर फारसे अडवत नाही. लोक निवड करतात ती फोनवर पाहिलेल्या चित्रफितींवरून, आणि तेथेच फसगत होते, कारण मोठा आवाज आला की फोनचा मायक्रोफोन तो आपोआप दाबतो आणि खर्ज तर जवळजवळ पकडतच नाही. शक्य असेल तर तोच मफलर लावलेल्या एखाद्या गाडीत बसून महामार्गावर चक्कर मारावी.

महामार्गावर म्हणण्याचे कारण ड्रोन. एका ठरावीक वेगाला केबिन घुमू लागते, कानांवर दाब येतो आणि शेजारच्या माणसाशी बोलणे नकोसे होते, त्याला हे नाव आहे. आठ सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला चार सिलिंडर पेटतात. इंजिन मिनिटाला 1,800 फेरे घेत असेल तर सेकंदाला 30 फेरे आणि 120 धडाके होतात, म्हणजे 120 हर्ट्झचा स्वर. केबिनमधली हवा आणि पत्रा याच्या आसपास घुमू लागला तर साधा खर्जसुद्धा असह्य होतो. माझ्या गाडीत सहाव्या गिअरला ताशी 65 मैलांच्या सुमारास इंजिन याच टापूत फिरते, म्हणजे नेमके तासन्‌तास जेथे राहायचे असते तेथेच. यावर एक सुंदर उपाय आहे: मुख्य पाइपाला एका टोकाने जोडलेली आणि दुसऱ्या टोकाला बंद असलेली नळी. तिच्यात शिरलेली लहर बंद टोकावरून परतते, आणि नळीची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी असेल तर परतणारी लहर मूळ लहरीच्या बरोबर उलटी पडून तिला खोडून काढते. सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 480 मीटरच्या आसपास असतो, म्हणून 120 हर्ट्झसाठी ही लांबी जवळपास एक मीटर भरते. बंद नळीतला वायू मुख्य प्रवाहापेक्षा थंड राहत असल्याने प्रत्यक्षात ती त्याहून थोडी कमी लागते. काही तयार संचांत ही नळी आधीच जोडलेली असते. माझ्या मते मफलरच्या नावापेक्षा ही सोय पाहून संच निवडणे शहाणपणाचे आहे.

आता प्रत्यक्ष काम. एक्झॉस्ट पूर्ण थंड झालेला असावा, नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावे, आणि डोळ्यांवर बंदिस्त चष्मा असावा. गाडीखाली उताणे पडून काम करताना गंजाचे पोपडे सरळ डोळ्यांत पडतात. साधारण 3,600 पौंडांची ही गाडी जॅकच्या भरवशावर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी जॅक स्टँड असतात. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्यात, स्टँड काँक्रीटच्या सपाट जमिनीवर ठेवावेत, आणि खाली शिरण्यापूर्वी गाडीला चांगला धक्का देऊन ती हलत नाही याची खात्री करावी.

स्टँड कोठे लावायचे, याला या कामात एरवीपेक्षा जास्त महत्त्व आहे. गाडी बॉडीच्या कडेवर उचलली की मागचा अ‍ॅक्सल स्प्रिंगांवरून खाली लोंबतो आणि त्याच्या वरून जाणाऱ्या पाइपाला भरपूर मोकळी जागा असल्यासारखे दिसते. तशा अवस्थेत सगळे काही सुबक बसवून गाडी खाली उतरवली, की अ‍ॅक्सल कित्येक इंच वर येतो आणि पहिल्याच खड्ड्यात पाइपावर आदळतो. म्हणून मागचे स्टँड अ‍ॅक्सलच्या नळीखाली, चाकांच्या शक्य तितके जवळ लावावेत, म्हणजे गाडीचे वजन स्प्रिंगांवर राहते आणि जी जागा दिसते तीच रस्त्यावरही असते. त्याखेरीज अ‍ॅक्सल आणखी वर उचलला जाईल तेव्हा काय होईल, याचाही अंदाज घ्यावा लागतो. खाली-वर होण्याला अडवणारे रबरी ठोकळे पाहिले की तो कोठवर येऊ शकतो हे कळते.

जुना भाग काढताना जोर लागतो तो पाइपांचे जोड आवळणाऱ्या क्लॅम्पपाशी आणि एक्झॉस्ट टांगून धरणाऱ्या रबरी हँगरपाशी. क्लॅम्पचा नट गंजून बसला असेल तर तो कापून टाकणे सोपे, नवा क्लॅम्प संचात असतोच. पाइपात पाइप अडकून बसला असेल तर तो मागे ओढण्यापेक्षा डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवावा. ज्योतीने तापवण्याची कल्पना मनात येते, पण जवळच इंधनाची टाकी, इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या असतात; घरच्या गॅरेजात तो मार्ग मला अजिबात मान्य नाही. रबरी हँगरमधून लोखंडी दांडी निघण्यासाठी साबणाचे पाणी किंवा सिलिकॉनचा फवारा मारावा, खनिज तेलाने रबर फुगते आणि कालांतराने फाटते. दांडी बाहेर ढकलणारी खास पक्कड मिळते. ती घ्यावी किंवा कुणाकडून मागून आणावी, पण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटण्याच्या भरीस पडू नये. शेवटचा हँगर सुटण्यापूर्वी मफलरखाली जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून आधार द्यावा, कारण हँगर सुटला की मफलर थेट छातीवर येतो. काही गाड्यांत पुढचा पाइप आणि मफलर एकसंध वेल्ड केलेला असतो आणि कापावाच लागतो. अशा वेळी दोनदा मोजावे, सूचनापत्रातील माप कोणत्या कडेपासून दिले आहे ते पाहावे, सरळ काप घ्यावा आणि कापलेली कड कानशीने घासून साफ करावी. कडेवरची धार राहिली तर नवा पाइप पूर्ण आत बसत नाही.

नवे भाग बसवताना सर्व जोड आधी फक्त हाताने आवळायचे असतात. पुढचा पाइप, मागचा पाइप, मफलर, दोन्ही बाजू, सगळे आपापल्या हँगरवर सैल लटकवायचे, आणि मग वेळ घालवायचा तो त्यांची जुळवाजुळव करण्यात. पाइप एकमेकांत साधारण दोन इंच शिरावेत. कितपत शिरले ते नंतर दिसत नाही, म्हणून आत जाणाऱ्या पाइपावर आधीच खडूने खूण करून ठेवावी. बाहेरच्या पाइपाच्या टोकाला लांबट चिरा असतात, त्या पट्टीच्या क्लॅम्पखाली पूर्ण झाकल्या जायला हव्यात, नाहीतर गळती तेथूनच होते. यू आकाराच्या बोल्टचे क्लॅम्प स्वस्त असतात, पण ते पाइप चेपतात आणि पुढे कधी तो जोड सोडवायचा झाला तर करवतच लागते. रुंद पट्टीचा क्लॅम्प पाइप गोल ठेवून चहूबाजूंनी दाबतो.

मला हे काम ताकदीपेक्षा सबुरीचे वाटते, आणि त्यामागे भौतिकशास्त्राचे साधे कारण आहे. एक्झॉस्ट ही गाडीला पक्की जखडलेली वस्तू नव्हे. तो रबरांवर टांगलेला असतो, इंजिनाच्या झटक्यांबरोबर हलतो आणि तापला की लांब होतो. 304 जातीचे स्टेनलेस स्टील दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे 17 मायक्रोमीटर वाढते. तीन मीटरचा पाइप 300 अंशांनी तापला तर ही वाढ 15 मिलिमीटरच्या घरात जाते. मागच्या बंपरच्या खाचेत थंड असताना मागच्या कडेला टेकवून बसवलेले टोक तापल्यावर तेथे दाबले जाते आणि प्लास्टिक वितळवते. 409 जातीचे स्टेनलेस याच्या दोन-तृतीयांशच वाढते, पण त्यावर वरवरचा गंज लवकर दिसतो. रस्त्यावर हिवाळ्यात मीठ टाकणाऱ्या प्रदेशात मी 304 साठी जादा पैसे देईन. दोन्हींतला फरक चुंबकाने कळतो, 409 ला तो चिकटतो आणि 304 ला जवळपास नाही. पाइप आणि इतर कोणत्याही भागामध्ये, मग तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर असो, ब्रेकची नळी असो वा बंपर असो, मी किमान अर्धा इंच अंतर राखतो आणि अ‍ॅक्सलच्या वर त्याहून बरेच जास्त. हँगरची रबरे सर्व ठिकाणी सारखी ताणलेली असावीत. एखादे तिरके ओढले गेले असेल तर पुढचा कोणता तरी जोड थोडा फिरलेला आहे असे समजावे आणि तेथे जाऊन तो सरळ करावा. मागच्या दोन्ही टोकांची उंची आणि बाहेर आलेली लांबी गाडीपासून काही पावले मागे जाऊन, खाली बसून पाहावी. मापपट्टीने बरोबर आलेली जोडीही बंपरच्या आकारामुळे डोळ्याला वाकडी दिसू शकते, आणि अशा वेळी मी डोळ्याचे ऐकतो.

एवढे झाले की पुढून मागे या क्रमाने क्लॅम्प आवळायचे, प्रत्येक जोड आवळल्यावर टोकांकडे पुन्हा एक नजर टाकायची, कारण आवळताना पाइप थोडा फिरतोच. आवळण्याचा जोर सूचनापत्रात दिलेला असतो आणि तो टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) द्यावा. पट्टीचा क्लॅम्प जास्त आवळला तर बोल्टचे आटे जातात. सर्वांत शेवटी स्टेनलेसचा सगळा पृष्ठभाग स्पिरिटने पुसून काढावा. हाताच्या बोटांचे तेलकट ठसे पहिल्या तापण्यात भाजले जाऊन धातूवर उमटतात आणि मग घासूनही पूर्ण जात नाहीत.

गाडी पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी ती उघड्यावर न्यावी. नव्या पाइपांवरचे कारखान्यातील तेल आणि मफलरच्या भरणीतील चिकट द्रव्य जळून बराच पांढरा धूर निघतो, त्यात घाबरण्यासारखे काही नसते आणि तो थोड्याच वेळात थांबतो. धोका असतो तो कार्बन मोनॉक्साइडचा, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. गॅरेजचे दार अर्धे उघडे ठेवले की पुरे, असे मानणारे लोक मला भेटतात. ते पुरत नाही. गळती शोधण्यासाठी इंजिन थंड असतानाच जोडांवर साबणाचे पाणी फवारावे आणि टोकातून हवा फुंकणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने पाइपात हवा सोडावी. जेथे बुडबुडे येतात तेथे जोड नीट बसलेला नाही. मागच्या भागातील बारीक गळतीने इंजिनाच्या गणितात बिघाड होत नाही, कारण इंधनाचे प्रमाण ठरवण्यासाठी वायू तपासणारे ऑक्सिजन सेन्सर सगळे पुढे असतात, पण तेथून निघणारा वायू मागच्या खिडकीच्या वा डिकीच्या फटीतून केबिनमध्ये येऊ शकतो, म्हणून ती तशीच सोडू नये.

काही वेळा तापून थंड झाल्यावर धातू आपापल्या जागी बसतो आणि क्लॅम्प किंचित सैल पडतात, तेव्हा ते पुन्हा तपासून आवळावे लागतात. खाली शिरलोच आहोत तर पाइपांवर कोठे घासल्याची चकाकती खूण दिसते का, तेही पाहून घ्यावे. जागा कमी पडत असेल तर आवाज येण्याच्या आधी ती खूण सांगते. भरणीच्या मफलरचा आवाज सुरुवातीच्या काळात थोडा मोकळा होतो, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या आवाजावरून समाधान किंवा निराशा, दोन्ही घाईचे ठरेल. माझ्या गाडीत जागेवर उभे राहून इंजिन चालू असतानाचा गडगडाट मनासारखा आला, वेग घेताना तो भरदार होतो, आणि 65 मैलांना थोडे घुमणे शिल्लक आहे, ते पाचव्या गिअरवर आले की जाते. जुने मफलर मी टाकून दिलेले नाहीत. पुढे गाडी विकताना शांत गाडी हवी असणारा गिऱ्हाईक येऊ शकतो, आणि दुसऱ्या राज्यात राहायला जायचे झाले तर तेथील नियमांसाठी तेच परत चढवावे लागतील.